मदत हवी आहे: यीस्टचा जीनोम टोकापासून टोकापर्यंत जोडायचाय, बारावं क्रोमोसोम तुटतंय

नमस्कार मंडळी, नॅनोपोरच्या (डीएनएचे लांब तुकडे, म्हणजे रीड्स, वाचणारं तंत्र) डेटावर काम केलेलं कोणी असेल तर प्लीज बघा. नारळाच्या माडीतून वेगळा केलेला सॅकरोमायसिस सेरेव्हिसी या यीस्टचा स्ट्रेन आहे, एकाच स्पोरपासून वाढवलेला, त्यामुळे डिप्लॉइड असला तरी दोन्ही प्रती जवळपास सारख्याच आहेत आणि हॅप्लोटाइप (दोन प्रतींचे आपापले क्रम) वेगळे करायची भानगड नाही. १० केबीच्या (केबी म्हणजे हजार बेस) खालचे रीड्स काढले तरी ६० एक्स कव्हरेज (प्रत्येक जागा सरासरी ६० वेळा वाचलेली) उरतंय, असेंब्ली, म्हणजे रीड्सची जोडणी, फ्लाय या प्रोग्रामने केलीय. १६ पैकी १३ क्रोमोसोम एकेका कॉन्टिगमध्ये (जोडून झालेल्या अखंड तुकड्यात) सलग आलेत, दोन्ही टोकांना टीजीचे रिपीट्सपण (टेलोमिअर, म्हणजे क्रोमोसोमचं खरं टोक) आहेत, ते बघून फार बरं वाटलं.

अडलंय ते बाराव्यात. राइबोसोमल डीएनएचं ९.१ केबीचं युनिट तिथे एकामागोमाग एक शंभराच्या वर वेळा येतं, म्हणजे जवळपास एक मेगाबेसचा पट्टा झाला, आणि माझा सगळ्यात लांब रीड ११० केबीचा, तो आरपार जाणार कसा? बँडेजमध्ये (असेंब्लीचा आलेख दाखवणारा प्रोग्राम) बघितलं तर तिथेच सगळा गुंता आहे. एका युनिटवर रीड्स मॅप केले तर कव्हरेज ७००० च्या आसपास येतं, ६० ने भागलं की साधारण ११५ कॉपी. एस२८८सी या प्रमाण स्ट्रेनच्या रेफरन्समध्ये पण तिथे दोनच कॉपी ठेवल्यात, तर मीपण दोन ठेवून गॅप दाखवावी आणि हा आकडा सोबत लिहावा का?

उरलेल्या दोन क्रोमोसोमचं एकेक टोक वाय प्राइमपाशी (टोकाजवळ पुन्हापुन्हा येणारा तुकडा) येऊन संपतं. रॅगटॅगने (कॉन्टिग रेफरन्सप्रमाणे लावणारा प्रोग्राम) रेफरन्सवर बसव असं एकाने सुचवलं पण मला ते पटत नाही, वाइनच्या कित्येक स्ट्रेन्समध्ये क्रोमोसोम ८ आणि १६ मध्ये तुकड्यांची अदलाबदल झालेली असते, आमच्या स्ट्रेनमध्ये असं काही असेल तर तेच शोधायचंय ना! त्यापेक्षा आतल्या युनिक भागात घट्ट बसणारे आणि टीजीपर्यंत पोचणारे रीड्स वेचून टोक हाताने जोडलं तर चालेल का, आणि असे किमान किती रीड्स असले की विश्वास ठेवायचा?

अजून एक, टू मायक्रॉन प्लाझ्मिड (यीस्टमधला क्रोमोसोमबाहेरचा छोटा गोल डीएनए) दिसतच नाहीये. तो ६.३ केबीचाच, फिल्टरमध्येच उडाला असणार, मग छोटे रीड्स घेऊन त्याची वेगळी असेंब्ली करता का तुम्ही? मायटोकॉन्ड्रियाचा गोल जीनोमपण दुप्पट लांबीचा आलाय, तो एका फेरीपुरता कापायला काय वापरता?

उरलेल्या चुका सुधारायला (पॉलिशिंगला) इलुमिनाचे छोटे रीड्सपण आहेत, पण रिपीट्समध्ये ते चुकीच्या जागी बसून असलेलं बरोबर बिघडवतील अशी भीती वाटते. नॅनोपोरच्याच रीड्सवरून चुका सुधारणाऱ्या मेडाकावरच थांबू का?