जुलैत आईबाबांना मायनर लीग (खालच्या स्तरावरच्या व्यावसायिक) बेसबॉलला नेताना सीट कुठली घ्यावी?

प्रश्न: नॉर्थ कॅरोलायनात संध्याकाळी सातची मॅच आहे. ऊन टाळायचंय.

उत्तर १: थर्ड बेसच्या (बॅटरच्या डावीकडच्या) बाजूला, शक्यतो मागच्या रांगा. बहुतेक मैदानांत बॅटरचं तोंड साधारण पूर्व-ईशान्येला असतं, त्यामुळे तिकडे सावली आधी पोचते. फर्स्ट बेस, राइट फील्डला (बॅटरच्या उजवीकडे) साडेआठपर्यंत, म्हणजे सूर्यास्तापर्यंत, ऊन थेट डोळ्यांत! तरी बुकिंगआधी नकाशावर होम प्लेटची (बॅटर उभा असतो ती जागा) दिशा बघाच.

उत्तर २: प्रेक्षकांसमोरच्या संरक्षक जाळीमागेही बेसावध राहू नका. उंच उडालेला फाऊल बॉल (रेषेबाहेर गेलेला फटका) जाळीवरून आत पडतो. बॉल टाकला जाताना मोबाइल खाली ठेवा.

उत्तर ३: सीलबंद पाणी, पारदर्शक बॅग चालते का, आधी विचारा. वीज चमकली की खेळ थांबतो. तिकीट जपून ठेवा. मॅच रद्द झाल्यास बहुधा पैसे नाही, दुसऱ्या मॅचचं तिकीट मिळतं.