कॉलेजचं ग्रीन ऑडिट: मीटर हातात आहेत, सुरुवात कुठून करू?

प्रश्न

नमस्कार. मी पुण्यात आर्किटेक्चरच्या चौथ्या वर्षाला आहे. नॅकसाठी (कॉलेजांचं मूल्यांकन करणारी संस्था) कॉलेजचं ग्रीन ऑडिट, म्हणजे वीज, पाणी, हवा यांची तपासणी आहे आणि यंदा मोजणीचं काम सरांनी आम्हा सहा जणांवर सोपवलंय. लॅबमधून लक्स मीटर (उजेड मोजायचा), कार्बन डायऑक्साइड मीटर आणि टेप मिळालाय. 'गृह' या हरित इमारतींच्या रेटिंगची चेकलिस्ट दोनदा वाचली. पहिल्या दिवशी ट्यूब, पंखे, नळ मोजून परत आलो. रकाने भरले, पण इमारत चालते कशी ते काही कळलं नाही. मला हे काम मनापासून नीट करायचंय. तीन आठवडे आहेत.

उत्तर १ (एनर्जी ऑडिटर)

आधी तुमच्या इलेक्ट्रिशियन मामांना गाठा. ड्रॉइंगमध्ये नसलेलं सगळं त्यांना तोंडपाठ असतं. मग बारा महिन्यांची बिलं मागा. एकूण युनिटला बांधीव क्षेत्रफळानं भागलं की चौरस मीटरमागे वर्षाला किती वीज लागते ते कळतं.

आणि एक रात्र काढा. दहाला मेन मीटरचं रीडिंग, सकाळी सहाला पुन्हा. मागे एका कॉलेजच्या मुलांबरोबर मी हे केलं, तेव्हा कुलूप लावलेल्या इमारतीनं आठ तासांत ६४ युनिट खाल्ले. म्हणजे सलग ८ किलोवॅट! टॉर्च घेऊन मजलेच्या मजले फिरलो. टॉयलेटचे एक्झॉस्ट फॅन घरघरत होते, रिकाम्या कॉम्प्युटर लॅबचे एसी १८ वर होते, आणि प्रत्येक मजल्यावरचा वॉटर कूलर कोणासाठी कोण जाणे पाणी गार करत होता. एका मुलीनं कूलरच्या मागच्या जाळीला हात लावला, तर ती चांगलीच तापलेली. दुसऱ्या दिवशी टायमर बसवण्याचा हिशोब तिनंच मांडून आणला.

मीटर सीटीवर (करंट ट्रान्सफॉर्मर, तो प्रवाह ठरावीक पटीनं कमी करून मीटरला देतो) असेल तर दोन रीडिंगमधल्या फरकाला मल्टिप्लाइंग फॅक्टरनं गुणा, तो बिलावर छापलेला असतो. पॅनेलचं दार मात्र मामांनाच उघडू द्या. रात्री थांबायला प्राचार्यांची लेखी परवानगी घ्या.

उत्तर २ (प्राध्यापिका)

हवा रिकाम्या वर्गात मोजू नकोस गं, तास चालू असताना मोज. बाहेर कार्बन डायऑक्साइड साधारण ४२० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत इतके भाग) मिळेल. आमच्या साठ मुलांच्या एसी वर्गात पाऊण तासात आकडा १,९०० वर गेला. स्प्लिट एसी आतलीच हवा फिरवत राहतो, बाहेरची आणत नाही. दुपारी मुलं पेंगतात म्हणून मी इतकी वर्षं त्यांनाच रागावत होते, याचं फार वाईट वाटलं. मीटर तोंडापासून हातभर लांब धर, आपल्या श्वासानंही आकडा चढतो.

प्रश्नकर्ती

सर, मॅडम, खूप आभार. आज मामांना भेटले. ते थेट गच्चीवरच घेऊन गेले. ड्रॉइंगमध्ये पावसाचा पाइप शोषखड्ड्यात उतरतो. प्रत्यक्षात पार्किंगचं काम झालं तेव्हा तो तोडून गटाराला जोडलाय, जोड मी डोळ्यांनी पाहिला. ८०० चौ. मी. गच्ची, ७०० मिमी पाऊस, त्यातला ८० टक्के धरला तरी वर्षाला साडेचार लाख लिटर पाणी गटारात. उन्हाळ्यात आम्ही टँकर मागवतो.

फोटो काढलेत. रात्रीच्या रीडिंगचा अर्ज उद्या देतेय, मामा थांबायला तयार आहेत.