मदत हवी आहे: भाच्याला कोर्टाकडून ख्रिस्ती व्यसनमुक्ती केंद्र, लवादाच्या कलमावर सही करावी का?

धागा चुकीच्या विभागात असेल तर संपादकांनी हलवावा.

माझी धाकटी बहीण अमेरिकेत कॅन्ससला असते. तिचा मुलगा २२ वर्षांचा. पाठदुखीच्या गोळ्यांपासून सुरुवात झाली आणि मार्चमध्ये गाडीत माल सापडून अटक. आता प्रकरण ड्रग कोर्टात आहे. गुन्हा कबूल करून उपचार पूर्ण केले की तुरुंग टळतो. (ही कोर्टं १९८९ साली मायामीत सुरू झाली. कल्पना वाईट नाही.) पण जागा मिळतेय ती एकाच केंद्रात आणि ते चर्चचं आहे. वर्षभर तिथेच राहायचं, सकाळी प्रार्थना, मग बायबलचा वर्ग, दुपारी लाकडी पॅलेटच्या कारखान्यात बिनपगारी काम. दुसऱ्या धर्माचं पुस्तक किंवा चिन्ह आत चालत नाही.

बहीण म्हणते, "दादा, देव कुठलाही असू दे, पोरगं जगलं पाहिजे." आमची आई माळकरी. मला वाटलं ती हाय खाईल. तर म्हणाली, "येशूचं नाव घेऊन सुटत असेल तर घेऊ दे की. विठोबा काय रुसतोय?"

तेव्हा घरच्यांची हरकत नाही. माझं घोडं अडलंय अकराव्या पानावर. बहिणीने कागद कॅमेऱ्यासमोर धरला, दिव्याची तिरीप पडत होती म्हणून दोनदा वाचून घेतलं. कसलाही वाद झाला, अगदी इजा झाली तरी, आधी बायबलच्या आधारे समेट आणि तो फिसकटला तर ख्रिस्ती लवाद. निवाडा बंधनकारक, कोर्टात जायचा हक्क सोडला. शेजारी आद्याक्षरांसाठी एक चौकोन. बिल्डरच्या करारातलं असलंच कलम मी इथे भोगलंय, म्हणून नजर तिथेच गेली.

दोन रात्री वाचत बसलो. असला लवाद तिकडे कायदेशीर आहे. १९२५ चा फेडरल कायदा लवादाच्या कराराला पाठबळ देतो आणि निवाडा कायद्याच्या दृष्टीने चुकला एवढ्या कारणावर तो सहसा रद्द होत नाही. फसवणूक, उघड पक्षपात असलं काही दाखवावं लागतं. फ्लोरिडात एका केंद्रात गेलेल्या मुलाचा पुढे मृत्यू झाला, आईने दावा लावला. आपल्यावर धार्मिक प्रक्रिया लादली जातेय, असं तिचं म्हणणं. २०१३ साली तिथल्या अपील कोर्टाने तिला त्याच ख्रिस्ती लवादाकडे पाठवलं. हे वाचून झोप उडाली.

माझा प्रश्न: एकीकडे तुरुंग, दुसरीकडे हा कागद. अशा सहीला 'स्वखुशीने' म्हणायचं का? कलम खोडून सही करता येते का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावं.

प्रतिसाद – काळीमाती

मी वकील आहे, पण कॅन्ससमध्ये नाही, त्यामुळे तिथल्या वकिलाला विचारल्याशिवाय पाऊल उचलू नका.

तुम्ही दोन गोष्टी एकत्र करताय. लवादाचा करार भाचा आणि केंद्र यांच्यातला. सरकारने धर्म लादला ही तक्रार मुळात प्रोबेशन अधिकाऱ्यासारख्या (तुरुंगाबाहेर देखरेखीखाली ठेवलेल्यांवर नजर ठेवणाऱ्या) सरकारी माणसाविरुद्ध असते. (न्यायाधीशावर सहसा दावा लावता येत नाही.) १९९६ पासून अनेक फेडरल अपील कोर्टांनी म्हटलंय की धर्मावर बेतलेल्या व्यसनमुक्ती कार्यक्रमाची सक्ती करता येत नाही. कॅन्सस डेन्व्हरच्या अपील कोर्टाखाली येतं. तिथे २०२१ साली पॅरोलवरच्या एका नास्तिकाला ख्रिस्ती निवाऱ्यात राहा नाहीतर तुरुंगात जा, असं सांगणाऱ्या अधिकाऱ्याविरुद्धचा दावा टिकला. मिशिगनमध्ये एका कॅथलिक मुलाची जपमाळ काढून घेतली होती. २००८ साली तिथलं फेडरल कोर्टही त्याच्या बाजूने गेलं. म्हणजे प्रश्न फक्त हिंदूंचा नाही.

पण हे सगळे नंतर भांडले. तुम्हाला आधीच बोलायची संधी आहे. भाच्याने वकिलामार्फत नोंदीवर सांगावं की उपचार हवेत, धार्मिक नकोत, दुसरी जागा द्या. गप्प बसून सही केली तर उद्या तेच 'त्याने स्वतः निवडलं' म्हणून पुढे येईल. कलम खोडायला सांगून बघा, केंद्र नाही म्हणू शकतं. कारखान्यात बोट तुटलं तर खर्च कोणाचा, हे मात्र लेखी मागाच.

धागाकर्ता

खूप आभार. सरकारने दिलेल्या बचावाच्या वकिलाला बहिणीने आज फोन केला. त्या वकीलबाईने अकरावं पान वाचलंच नव्हतं म्हणे! फोटो मागवून घेतलाय. दोन तास लांब एक धर्माशी संबंध नसलेलं केंद्र आहे, तिथे प्रतीक्षायादीत नाव घालता येईल का, ते बघतेय. गुरुवारी तारीख. तोपर्यंत चौकोन कोरा ठेवायला सांगितलंय.