नाद आधी लागतो, हिशेब नंतर

एकानं विचारलंय, मिठाच्या मैदानावर ताशी तीनशे किलोमीटरनं गाडी पळवणं हा श्रीमंतांचा खेळ, साधा माणूस त्यात शिरतो कसा? आमच्या कोल्हापूरच्या उद्यमनगरात, वर्कशॉपांच्या वस्तीत, दोन दिवस बसा, कळेल.

मामाच्या लेथवर एक पोरगा जुन्या टू-स्ट्रोक बाईकचं हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, घेऊन यायचा. "मामा, अजून अर्धा मिलिमीटर काढा की." हेड घासलं की कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, वाढतं, गाडी उचलते, पण जास्त घासलं की तापून पिस्टन धरतो, आत अडकून बसतो. त्याचा धरलाच. पुढच्या शनिवारी गडी नवा पिस्टन घेऊन पुन्हा दारात! नाद खुळा, दुसरं काय.

न्यूझीलंडचा बर्ट मन्रो याच जातीचा. त्याची गाडी 1920 ची इंडियन स्काउट मोटरसायकल, मूळ वेग ताशी जेमतेम 55 मैल. हा बाबा जुन्या डब्यांत धातू ओतून घरीच पिस्टन करायचा. 1967 मध्ये, वयाच्या 68व्या वर्षी, अमेरिकेत बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर हजार सीसीच्या आतल्या गटात त्यानं ताशी सुमारे 184 मैलांचा विक्रम केला.

खरी मेख या गटांत आहे. इंजिन, बॉडी, इंधन यांवरून तिथं ढीगभर गट पडतात, त्यामुळं 50 सीसीवाल्यालाही स्वतःचा आकडा गाठता येतो. शेजारी पळणारा कुणी नाही, फक्त घड्याळ. तेही एका धावेवर ऐकत नाही, दोन धावांची सरासरी मागतं. (पन्हाळा रोडवर हे करू नका, तिथं घड्याळ नाही, एसटी आहे.)

मामानं त्या पोराची उधारी आता बंद केलीय. हेड मात्र घासून देतो.