बायकोने माझा मरून शर्ट वॉचमनला दिला (पुरुषांचे कपडे आणि वय : अनुभव सांगा)

कोपऱ्यावरचा

सकाळी दूध आणायला खाली उतरलो तर आमचे वॉचमनकाका गेटपाशी खुर्ची टाकून बसलेले, अंगात मरून शर्ट. युनिफॉर्म धुवायला टाकला होता म्हणे. हा शर्ट ओळखीचा का वाटतोय ते आधी कळेना. मग खिशाखाली शाईचा डाग दिसला. माझंच पेन गळलं होतं.

वर येऊन विचारलं तर उत्तर तयार. "अहो, ५४ चे झालात. तो रंग आता शोभतो का?"

वॉचमनकाका ६३ चे आहेत. आणि खोटं कशाला बोलू, त्यांना तो माझ्यापेक्षा बरा दिसत होता. पोट नाही ना त्यांना.

मग कपाट उघडून उभा राहिलो. आकाशी, फिकट आकाशी, पांढऱ्यावर निळ्या रेघा, बिस्किट कलर, आणि एक राखाडी ज्याला दुकानदार 'स्टील' म्हणाला होता. हे कधी ठरलं? फॅशन स्ट्रीटवर अर्धा तास घासाघीस करून घेतलेला पोपटी टीशर्ट घालून लोकलच्या दारात लटकणारा माणूस मीच होतो.

वडील लालबागला गिरणीत, साचेखात्यात, म्हणजे मागावर. दिवाळीला गिरणीच्या दुकानातून कापड यायचं आणि एकाच तुकड्यात बाबा, दादा आणि मी, तिघांचे शर्ट. उरलं तर उशीचे अभ्रे. १९८१ च्या दिवाळीला निळ्या चौकड्या आल्या. १८ जानेवारी १९८२ ला संप लागला आणि ते कापड जे बंद झालं ते कायमचं. मी पाचवीत. आधी माझा शर्ट घातला, तो आखूड झाल्यावर दादाचा घातला. शाळेत पोरांना वाटायचं याच्याकडे एकच शर्ट आहे. एक नव्हता हो, दोन होते.

बाबांनी मात्र त्यांचा चौकड्यांचा शर्ट संपानंतर अंगाला लावला नाही. पांढरा शर्ट आणि घरी लेंगा, शेवटपर्यंत. संप लागला तेव्हा ते ४१ चे होते. माझा मेहुणा आज ४१ चा आहे, तो गुडघ्यावर फाटलेली जीन्स घालून सत्यनारायणाच्या प्रसादाला आला होता.

तर तुमचं कधी आणि कसं बदललं ते लिहा. बायकांनीही लिहा, खरी माहिती तुमच्याकडेच असते.

बोरिवली_स्लो

पँट पोटाच्या वर की पोटाच्या खाली? खरा प्रश्न एवढाच. बाकी गौण.

मीठभाकर

मी खालीवाला. कॉलेजात कंबर ३४ होती, आजही ३४ च आहे. फक्त मोजायची जागा बदललीय.

पाचवा_मजला

वरवाला. सासरे वरवाले होते तेव्हा खूप हसलो होतो त्यांना. आता बेल्ट बरगड्यांपाशी आलाय.

शिंपीआळी

वर-खालीवर लिहायलाच हवं, आमचा धंदाच तो, वडिलांपासून.

पोटाखाली पँट घालणाऱ्याचं पुढचं आसन (कंबरेपासून दोन पायांच्या जोडापर्यंतचं माप) कमी ठेवावं लागतं, मागचं आहे तेवढंच. नाहीतर पुढे कापडाची पिशवी लोंबते. रेडीमेडमध्ये कंबर वाढली की आसनही वाढतं, म्हणून ४० ची पँट घेतली की पोटाला बसते आणि खाली सर्कशीतल्यासारखी दिसते. शर्टाचंही तसंच. पोट आलं की पुढचा घेर वर उचलला जातो, खांदे पुढे झुकले की पाठ वर खेचली जाते. त्यामुळे कोणाला पुढे अर्धा इंच जास्त द्यायचा, कोणाला पाठीला. गिऱ्हाईक दुकानात येऊन उभं राहिलं की टेप काढायच्या आधीच समजतं.

पण बोलायचं नसतं. शिकत होतो तेव्हा मी आकडे मोठ्याने सांगायचो, वडील वहीत लिहायचे. एकदा एका साहेबांची कंबर मी ठणकावून "बेचाळीस!" म्हणालो, दुकानात त्यांची सूनबाई होती. रात्री वडिलांनी असं झापलंय. पन्नाशीनंतरची कंबर मनात वाचायची. तेव्हापासून आजपर्यंत मी बोटांनी दाखवतो आणि काऊंटरवरचा पोरगा लिहितो.

"मागच्याच मापाने शिव" म्हणणारे तर रोज येतात. मी हो म्हणतो आणि आत शिवणीत दीड इंच माया, म्हणजे जादा कापड, ठेवतो. सहा महिन्यांनी येतातच, "जरा आकसली वाटतं धुवून."

आणि एक विनंती. दादरच्या हिंदमाता मार्केटमधून ३६ इंच पन्ह्याचं (रुंदीचं) सव्वादोन मीटर कापड आणून ४४ छातीचा फुल बाहीचा शर्ट मागू नका. होत नाही हो. अडीच आणा.

सावली

शिवणीतली माया! आई म्हणायची हा शब्द. किती वर्षांनी वाचला.

आता खरी माहिती घ्या. आमच्याकडे बाहेरचे कपडे कधीच प्रश्न नव्हते, कारण ते मीच आणते. प्रश्न घरात घालायच्या कपड्यांचा. यांच्या बनियनला पाठीवर एवढं भोक की हात घालताना बाहीच्या जागी तिथून जातो. टाकू का विचारलं तर "हवेशीर आहे." शेवटी जुन्या कपड्यांवर भांडी देणाऱ्या बोहारणीच्या गाठोड्यात घातली. तिने पँट्स घेतल्या, शर्ट घेतले आणि ती बनियन दोन बोटांनी उचलून मला परत दिली. एवढा अपमान माझा लग्नात पण झाला नव्हता.

मीठभाकर

तुमच्याकडे अजून बोहारीण येते? कुठे राहता? आमच्याकडे टॉवर झाल्यापासून गेटवरच अडवतात.

सावली

विलेपार्ले पूर्व, जुनी सोसायटी, तीन मजली. यायची दोन वर्षांपूर्वीपर्यंत. पॅनला हँडल नसायचं तिच्या.

तिसरी_घंटा

बाबा बेस्टमध्ये कंडक्टर. खाकीशिवाय मी त्यांना लग्नकार्यातच बघितलेलं. सुट्टीच्या दिवशी बनियन नि टॉवेल. रिटायर झाल्यावर दुसऱ्या दिवशी एकटेच दादरला गेले आणि सात शर्ट घेऊन आले. सातही प्रिंटचे. एकावर अननस. आई तीन दिवस त्यांच्याबरोबर भाजीला गेली नाही.

पण खाली खाकी पँटच! "पक्की आहे अजून, कशाला टाकायची." वर अननस, खाली बेस्ट. शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर त्यांना लांबून ओळखता यायचं. गेल्या वर्षी त्यांचं कपाट आवरलं, अननस मी ठेवलाय. मला होत नाही, मी जाड आहे त्यांच्यापेक्षा.

बोरिवली_स्लो

अननसाचा फोटो टाका की.

रात्रपाळी

२६ जुलै २००५. सांताक्रूझला ९४४ मिमी पडला त्या दिवशी मी अंधेरीहून मालाडला चालत गेलो, फॉर्मल पँट, लेदरचे बूट. बूट मालाडपर्यंत आले नाहीत. त्या दिवसापासून ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये एक जोड कायम असतो. शर्ट, पँट, चड्डी, मोजे, प्लॅस्टिकच्या पिशवीत. तीन कंपन्या बदलल्या, पिशवी बरोबर. मध्ये एकदा खरंच भिजून आलो म्हणून उघडली तर आतली पँट ३२ कंबरेची. दिवसभर वरचं बटण उघडं, शर्ट बाहेर.

शर्ट बाहेरवरून आठवलं. आता पवईला आहे, टीममध्ये सगळी पंचविशीची पोरं, हुडी आणि स्लीपर. मी इन करून, बेल्ट लावून. पहिल्या दिवशी मला क्लायंट समजून कॉन्फरन्स रूममध्ये बसवलं, बिस्किटं दिली. वीस मिनिटांनी मॅनेजर शोधत आला.

पाचवा_मजला

बिस्किटं खाल्लीत ना?

रात्रपाळी

मग काय सोडतो.

काळा_कोट

आमचं बरं, ठरवायलाच लागत नाही. पांढरा शर्ट, गळ्याला वकिली बँड, काळा कोट, २६ वर्षं. उन्हाळ्यात खालच्या कोर्टात कोट सक्तीचा नसतो, हायकोर्टात मात्र सुटका नाही. पण सवय अशी की मे महिन्यात खालच्या कोर्टातसुद्धा कोट काढला की उघडं पडल्यासारखं वाटतं. पुतणीच्या हळदीला घरच्यांनी बळेच पिवळा झब्बा घालायला लावला. एक अशील तिथे पाहुणा म्हणून आला होता. माझ्या शेजारी उभा राहून मलाच फोन लावत होता.

झेंडू_२९

मी इथला लहान असेन. बाबांचे १९८० च्या आसपासचे टेरिकॉटचे शर्ट घालतो, लांब टोकाची कॉलर. ऑफिसात सगळे विचारतात कुठून घेतलास, दीड-दोन हजारांना मिळतात म्हणे असे. एक सफारीसुद्धा आहे. ती अजून हिंमत नाही झाली. घाम मात्र भयंकर येतो, ते लोक कसे राहायचे?

ठाण्याचे_आजोबा

बाळा, आम्हीही घामाने भिजतच होतो. टेरिकॉटमध्ये पॉलिस्टर जास्त, ते घाम शोषत नाही. पण रात्री धुतला की सकाळी वाळलेला, इस्त्री नको. चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत सात माणसं आणि एक दोरी, त्यात सुती शर्ट पावसाळ्यात तीन दिवस ओला राहायचा, वर कुबट वास. मुंबईत टेरिकॉट शोभेपेक्षा सोय म्हणून जास्त खपलं. माझ्याकडे दोन होते, एक अंगावर आणि एक दोरीवर.

आता ७८ वय. सगळं सुती, सगळं सैल. सफारी घाल तू, बिनधास्त. फक्त खिशात कंगवा ठेव, त्याशिवाय पूर्ण होत नाही.

निळी_छत्री

किचनमधून लिहितेय, तुटक असेल.

बाबांना दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका. डावा हात. आधी आम्ही सोपं म्हणून झब्बे आणले, पण डोक्यावरून घालायला हात वर जायला हवा ना, तो जात नाही. पुन्हा पुढून उघडणारे शर्ट. घालताना दुखरा हात आधी घालायचा आणि काढताना चांगला हात आधी काढायचा, हे फिजिओथेरपीच्या मुलीने शिकवलं, तोवर रोज सकाळी रडारड. बटणं एका हाताने लागत नाहीत, म्हणून आतून वेलक्रो लावलं आणि वरून बटणं नुसती शिवून टाकली. बाहेरून कळत नाही.

पण कुठे जायचं नसतं तरी शर्ट इस्त्रीचाच हवा. आणि खिशाला पेन. डाव्या हातात जोर नाही, उजव्याने पेन लावतात, मग आरशात बघतात. एक दिवस गडबडीत मी पेन विसरले तर जेवले नाहीत नीट. तेव्हापासून पेन आधी काढून ठेवते, गोळ्यांच्या डबीत.

कुकर झाला. येते.

तिसरी_घंटा

काळजी घ्या. वेलक्रोचं चांगलं सुचलं तुम्हाला. काही लागलं तर सांगा.

काळा_कोट

पेनाचं अगदी समजलं मला.

ठाण्याचे_आजोबा

ताई, वेलक्रोला बनियनचे दोरे अडकतात. धुताना बंद करून धुवा.

निळी_छत्री

हो आजोबा, एक बनियन त्यातच गेली. आता बंद करूनच टाकते.

बोरिवली_स्लो

विषयांतर करतो. साधा नाडीचा लेंगा कुठे मिळेल? पांढरा, सुती, इलॅस्टिक नसलेला. मॉलमध्ये विचारलं तर मुलीने नाइट पँट दाखवली, त्यावर अस्वलं.

मीठभाकर

दादर पश्चिमेला स्टेशनबाहेरच मिळतो की. रानडे रोडवर विचारत जा. दोन इंच लांब घ्या, पहिल्या धुण्यात वर येतो.

पाचवा_मजला

चोरखिसा असलेला घ्या.

झेंडू_२९

चोरखिसा म्हणजे?

पाचवा_मजला

आतला खिसा रे, नाडीच्या नेफ्याजवळ. पगाराच्या दिवशी पाकीट वरच्या खिशात रिकामं आणि नोटा आत. लोकलमध्ये पाकीटमाराने माझं पाकीट मारलं होतं, आत फक्त पास आणि सासऱ्यांचा फोटो.

सावली

आणि नाडी आत गेली की यांची हाक येते, "अगं, सेफ्टी पिन!" ३१ वर्षं झाली लग्नाला.

कोपऱ्यावरचा

एवढे अनुभव येतील असं वाटलं नव्हतं, सगळे वाचतोय. निळी छत्री, बाबांना नमस्कार सांगा.

इकडची बातमी. संध्याकाळी वॉचमनकाका वर आले, शर्टाचं खालून दुसरं बटण तुटलंय. "साहेब, असल्या शर्टाला आत एक जादा बटण असतं, तुमच्याकडे असेल." होतं, ते मी २०१८ सालीच दुसऱ्या शर्टाला लावलंय, बिस्किट कलरच्या. घरात मरून बटण नाही. बायको म्हणते काळं लाव, कोण बघतंय. काका म्हणाले, "नको वहिनी, वेगळं दिसेल."

शिंपीआळी

चार भोकांचं की दोन? माझ्याकडे डबाभर पडलीत. शनिवारी दादरला येत असाल तर शर्टच घेऊन या, लावून देतो.

कोपऱ्यावरचा

चार. शनिवारी काकांची ड्युटी असते, शर्ट त्यांच्या अंगात असेल. रविवारी दुकान उघडं असतं का?