अन्नमदत: धान्य पाठवावे की पैसे द्यावेत?

मेघना (प्रश्न)
नमस्कार. पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी मी आफ्रिकेला मिळणाऱ्या अन्नमदतीवर प्रबंध लिहीत आहे. श्रीमंत देशांनी आपल्याकडचे धान्य जहाजाने पाठवावे, की त्याच पैशांतून त्या भागातच धान्य विकत घ्यावे किंवा रोख रक्कम थेट कुटुंबांना द्यावी, याबद्दल टोकाची मते वाचायला मिळतात. उपाशी माणसाच्या पदरात जास्त पडावे आणि लवकर पडावे, एवढीच कसोटी धरली तर आपले मत काय?

श्रीकांत
मेघनाताई, या कसोटीवर अमेरिकेची जुनी पद्धत फार महाग ठरते. सरकारी मालापैकी किमान निम्मा माल अमेरिकी झेंड्याच्या जहाजांतूनच न्यायचा, असा दंडक १९५४ च्या कायद्याने घातला; अन्नमदतीसाठी १९८५ मध्ये तो पाऊण हिश्शावर गेला आणि २०१२ मध्ये पुन्हा निम्म्यावर आला. त्या जहाजांचे भाडे जास्त असल्यामुळे तेवढ्याच रकमेत धान्य कमी बसते. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २००९ मध्ये दाखवून दिले, की सहाराच्या दक्षिणेकडील देशांत आसपास खरेदी केलेले धान्य अमेरिकेहून आलेल्या धान्यापेक्षा सुमारे ३४ टक्के स्वस्त पडले होते. याहून वाईट प्रकार म्हणजे मदतीचे धान्य स्थानिक बाजारात विकून प्रकल्पांसाठी पैसा उभा करणे, कारण त्यात गरीब शेतकऱ्याच्या मालाचा भाव पडण्याचा धोका असतो. ‘केअर’ या आंतरराष्ट्रीय मदतसंस्थेने २००७ मध्ये ही प्रथा सोडायचे ठरवले आणि वर्षाला सुमारे साडेचार कोटी डॉलरांवर पाणी सोडले. मला तो निर्णय आजही मोठ्या धैर्याचा वाटतो.

दत्तात्रय
श्रीकांतरावांचे आकडे मान्य आहेत, पण धान्य पाठवणे सरसकट मोडीत काढू नये. १९७२ च्या दुष्काळात मी दहा वर्षांचा होतो आणि आई पाझर तलावाच्या कामावर माती वाहत असे. रेशनवर परदेशातून आलेली लाल मिलो, म्हणजे ज्वारीचाच एक प्रकार, मिळायची. तिच्या पिठाला चिकाटी नसे आणि भाकरी थापता थापता कडेने चिरत जाई, म्हणून आई उकळत्या पाण्यात पीठ भिजवायची. आम्ही त्या भाकरीला नावे ठेवली, तरी खाल्ली. आमच्या बाजारात ज्वारीच उरलेली नव्हती, त्यामुळे नुसता पैसा हाती येऊन भागले नसते.

आपल्या रोजगार हमीसारखीच, कामाच्या मोबदल्यात रोख किंवा धान्य देणारी मोठी योजना इथिओपियाने २००५ मध्ये सुरू केली. २००८ मध्ये धान्याचे भाव भडकले, तेव्हा रोख मजुरीत पूर्वीइतके धान्य येईना आणि अनेक कुटुंबे धान्यच मागू लागली. म्हणून आधी बाजारात माल आहे का, हे पाहावे आणि मग मदतीचे रूप ठरवावे.

मेघना
काका, हा अनुभव लिहिल्याबद्दल मनापासून आभार. मग बाजारात माल आहे की नाही, हे दूरच्या कार्यालयात बसून वेळेवर कसे कळते?

वैशाली
मी दोन वर्षे उत्तर केनियात पशुपालकांमध्ये काम केले आहे. तिथे आमचा एक स्थानिक सहकारी दर बाजाराच्या दिवशी शेळीचा भाव आणि मक्याचा भाव वहीत शेजारी शेजारी लिहीत असे. पाऊस लांबला की सगळेच जनावरे विकायला काढतात, त्यामुळे शेळी स्वस्त होते आणि मका महागतो. एका शेळीच्या पैशांत किती किलो मका येतो, हा आकडा घसरू लागला की उपासमार कित्येक आठवडे आधीच दिसते. इथिओपियातील दुष्काळानंतर १९८५ मध्ये अमेरिकेने उभारलेली पूर्वसूचना यंत्रणा अशाच नोंदींवर चालते, आणि जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकी मदत गोठवली गेली तेव्हा तीच बंद पडली होती. आपल्या प्रबंधात या नोंदींच्या खर्चावर एक प्रकरण अवश्य ठेवा, कारण मदतीत कपात झाली की हाच खर्च आधी छाटला जातो.