आखातात फाउंडेशन वर्षाला शिकवायला जातेय, अरब मुलांना कशी मदत करू?

दांडियाबाजार_केतकी: नमस्कार मंडळी, मी बडोद्याचीच, एम.एस. युनिव्हर्सिटीतून इंग्रजीत एमए केलंय आणि ऑगस्टपासून दोह्याला एका युनिव्हर्सिटीत फाउंडेशन वर्षाला, म्हणजे डिग्रीच्या आधीच्या तयारीच्या वर्षाला, शिकवायला जायचंय. बहुतेक मुलांची शाळा अरबीतून झालेली आणि तिथे सगळी अमेरिकन पद्धत, म्हणजे दर आठवड्याला काहीतरी सबमिट करा, वर्गात बोला, स्वतःचं मत मांडा. मुलं हुशार असतात पण पहिल्या सेमिस्टरलाच गळपटतात असं ऐकलं. आखातात शिकवलेलं कोणी आहे का इथे? सुरुवात कुठून करू?

कारेलीबागचे_काका: अगं मी मस्कतला बरीच वर्षं गणित शिकवलंय. सगळ्यांना एकाच मापाने मोजू नकोस, अरब लीगमध्येच 22 देश आहेत. लेबनॉनचा मुलगा शाळेतच फ्रेंच नाहीतर इंग्रजीतून सायन्स शिकलेला असतो, आणि सीरियात डॉक्टरकीसुद्धा अरबीतून. इजिप्तची सानवीया आम्मा, जॉर्डनची तौजीही, या आपल्या बारावीसारख्या परीक्षांच्या मार्कांवर पुढची लाइन ठरते, अख्खं घर टेन्शनमध्ये, मग पोरं पाठांतर नाही करणार तर काय करणार. आणि माझ्याकडे इजिप्त-सीरियाकडची मुलं यायची ती शाळेत समीकरण उजवीकडून डावीकडे लिहिलेली, एक्सच्या जागी सीन हे अरबी अक्षर, आकडेही वेगळे, त्यांचा पाच आपल्याला शून्यासारखा दिसतो आणि शून्य म्हणजे नुसता टिंब. असा मुलगा फळ्यासमोर थबकला तर त्याला गणित येत नाही म्हणायचं का? मी सुरुवातीला दोन्ही पद्धती शेजारी शेजारी लिहायचो, भराभर पकडायची पोरं.

फतेगंज_रिया: काकांना +१. मी शारजात रायटिंग सेंटरला आहे, म्हणजे मुलांना लिखाणात मदत करते. केतकी, एक कळकळीची विनंती, कॉपी केलेलं दिसलं की लगेच चोरीचा शिक्का मारू नकोस, मला याचा फार राग येतो. बारा वर्षं पुस्तकातलं वाक्य जसंच्या तसं उतरवलं की पूर्ण मार्क आणि इथे तेच केलं की झिरो, कोणी समजावलेलंच नसतं ना! मी एक परिच्छेद वाचायला देते, मग पान बंद, शेजारच्याला अरबीत सांगायचं, नंतर इंग्रजीत दोन-तीन वाक्यं आणि हे कोणी म्हटलंय त्याचं नाव. हदीस, म्हणजे पैगंबरांचं वचन, कोणी कोणाकडून ऐकली ती अख्खी साखळी सांगायची परंपरा त्यांच्याकडे आहेच, तिथून सायटेशन, म्हणजे संदर्भ देणं, शिकवलं की लगेच पटतं. ऑफिस अवर्सला, म्हणजे वर्गाबाहेर शंका विचारायला भेटायच्या वेळेला, आपणहून कोणी येत नाही, सरांनी बोलावलं म्हणजे ओरडा बसणार असंच वाटतं, म्हणून पहिली भेट सगळ्यांना कंपल्सरी ठेव, दहा मिनिटं पुरे. रमजान दरवर्षी 10-11 दिवस अलीकडे सरकतो, तेव्हा सबमिशनच्या तारखा ठरवतानाच कॅलेंडर बघ.

दांडियाबाजार_केतकी: काका, रियाताई, खूप आधार वाटला. मराठी शाळेतून थेट एम.एस.च्या इंग्रजी लेक्चरला बसलेल्या आमच्या मैत्रिणींसारखंच आहे की हे. अजून एक, वर्गात मुलं-मुली एकत्र आहेत, ग्रुप वर्क कसं देऊ?

फतेगंज_रिया: सुरुवातीला ग्रुप त्यांचे त्यांना पाडू दे. काही मुलींना मुलांसोबत काम करायला अवघड वाटतं, काहींना काहीच वाटत नाही, तू आधीच ठरवून टाकू नकोस. आणि प्रत्येकाचं काम कागदावर वेगळं लिहून दे, नाहीतर एकच मुलगी सगळं करत बसते.